बावीस नंबरची ओ

ओट्याचा डावा कोपरा माझा, उजवा एतेरीचा.
मध्ये सीमारेषा म्हणून
आंबट अलुबुखारांच्या चटणीची बरणी.
बरणीच्या अलीकडे पेचकस, फुगलेले कपॅसिटर,
मेलेल्या लॅपटॉपचा अजून फिरणारा पंखा,
आणि एतेरीची शिवणाची सुई,
जी मी घेतलेली नाही.
टोक काळं पडलंय ते कशानं, मला माहीत नाही.

कुताइसीतल्या आमच्या नऊमजली इमारतीची लिफ्ट
वीस तेत्रींचं नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही.
मी ती एकदा उघडून पाहिली होती.
त्यानंतरच्या सभेत नाव घेऊन ठराव झाला:
जुमबेरने लिफ्टला हात लावू नये.

मग मी तारांकडे वळलो.
एका घराचं इंटरनेट सोळा घरांत पुरवायचे दिवस ते.
बाल्कनीतून बाल्कनीत केबल ओढली
कपडे वाळत घालायच्या कप्प्यांवरून;
ओल्या चादरी आणि माझी निळी तार
एकाच दोरीवर झुलायच्या.
वारा सुटला की चौथ्या मजल्यावरचा बुद्धिबळाचा डाव तुटायचा
आणि गुरामी जिन्यात येऊन
माझ्या नावाने शंख करायचा.

प्रत्येक घराला एक आकडा दिला.
लामारा, सातवा मजला: बावीस.
तिच्यासाठी भंगारातल्या दोन राउटरांचा एक केला,
याचं डोकं, त्याचं धड.
झाकण कुठलंच बसेना.
तिने वर क्रोशाचा रुमाल घातला.
मी म्हटलं, गुदमरेल.
ती म्हणाली, उघडा ठेवला तर गारठेल.

पुढे ती इटलीला गेली, बारीला,
कुणा परक्या म्हातारीला न्हाऊ घालायला, भरवायला.
जाताना गॅस बंद केला, नळ आवळला,
संतांच्या तसबिरीपुढची वात विझवली.
राउटर विसरली.

आता ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचं त्याचं नेट.
तारा काही नव्या खिडक्यांनी कापल्या,
काही कबुतरांनी,
एक गुरामीने, मुद्दाम.
तरी पहाटे चहा उकळेपर्यंत
मी जुनी यादी चालवतो.
एकेका आकड्याला हाक.
अकरा: नाही.
बारा: नाही.
सतरा: नाही, सतराचा तर मुलगाही आता नाही इथे.
बावीस: आहे.
बंद दाराआडून, रुमालाखालून,
तीन मिलिसेकंदांत
ओ.

त्यात मजकूर काही नसतो.
एक छोटी पुडी पाठवायची,
ती न उघडता तशीच परत येते.
एतेरी बरणीपलीकडून विचारते, काय म्हणते लामारा?
मी सांगतो, म्हणते, आहे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी
बावीस: नाही.
पुन्हा हाक. नाही.
कनेक्टर स्पिरिटने पुसला, तार दाताने सोलून नवी केली,
माझंच मशीन दोनदा बंद-चालू केलं,
चहा उतू गेला.
शेवटी लिफ्टला नाणं भरवून सातव्यावर गेलो.
मीटरच्या दारावर वीज कंपनीची चिठ्ठी:
थकबाकी चार लारी, चाळीस तेत्री.

हिशेब जुळेना.
ती गेली त्याला तीन वर्षं झाली
आणि थकलंय एकाच महिन्याचं?

खाली येऊन एतेरीला चिठ्ठी दाखवली.
तिने वाचली, बरणी उचलली,
माझ्या कोपऱ्यात हात घातला
आणि कपॅसिटरांच्या ढिगाखालून
सोल्डरचे थेंब झेललेला एक कागद काढला.
डिसेंबरचं बिल. लामाराचं.
दर महिन्याला भरते, म्हणाली,
या वेळी तुझ्या राज्यात हरवलं.

काही बोललो नाही.
कोपऱ्यावरच्या पैसे भरायच्या मशीनपाशी
बर्फात रांगेत उभा राहिलो,
माझ्यापुढे गुरामी, तोही गप्प.

रात्री उशिरा एकदा हाक मारली.
बावीस: नऊ मिलिसेकंद.
झोपेतून उठवल्यासारखी.
दुसरी हाक: चार.
तिसरी: तीन.

झोपायला जाताना
बरणी चार बोटं
माझ्या बाजूला सरकवली.